हिरड्यांच्या आजारावरची लस: उंदरांत जमली, कुत्र्यांत फसली, मग माणसांचं काय?

मागच्या महिन्यात माझे एक जुने पेशंट दवाखान्यात आले. वय ५२, मधुमेह नऊ वर्षांपासून. साखर वाढली म्हणून आले होते, पण बोलताना सारखा रुमाल तोंडाशी नेत होते. तोंड उघडायला सांगितलं तर खालचे समोरचे दोन दात हलत होते, हिरड्या जांभळट लाल झाल्या होत्या आणि बोटाने दाबल्यावर कडेने पू येत होता. डेंटिस्टकडे जाण्यासाठी मी त्यांना सहा महिन्यांपूर्वीच चिठ्ठी दिली होती. "गेलोच नाही डॉक्टर," असं म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर आलेली बातमी होती. "यावर लस निघालीय म्हणे. एक इंजेक्शन घेतलं की काम झालं. मग ते दात खरवडून कशाला घ्यायचे?"

बातमी अगदीच खोटी नव्हती. प्रयोग झाला होता, निकालही चांगला होता. फक्त 'उंदीर' हा शब्द चौथ्या परिच्छेदात होता.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. माणसांच्या हिरड्यांच्या आजारावर, म्हणजे आपण ज्याला पायोरिया म्हणतो त्यावर, आज कोणतीही मान्यताप्राप्त लस बाजारात नाही. तुमच्या डॉक्टरकडे नाही, मोठ्या शहरात नाही, परदेशातही नाही. पण प्राण्यांवर अशा लशींचे प्रयोग तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहेत, आणि त्यातले बरेच यशस्वी झाले आहेत. मग गाडी नेमकी कुठे अडली? हे समजून घेण्यासारखं आहे, कारण अशी बातमी तुमच्या फोनवर पुन्हा येणार आहे. (मी दंतवैद्य नाही, साधा एमबीबीएस फॅमिली डॉक्टर आहे. पण मधुमेहाचे पेशंट बघणाऱ्या कुणालाही हिरड्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.)

एक जंतू, आणि त्याच्या कात्र्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा तीव्र आजार आहे. पंधरा वर्षांवरच्या लोकसंख्येत हे प्रमाण साधारण १९ टक्के येतं. या आजारात हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते, त्या खोबणीत जंतू वाढतात आणि दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड हळूहळू झिजतं. दात किडलेला नसतानाही हलायला लागतो तो यामुळेच.

या खोबणीत शेकडो प्रकारचे जीवाणू असतात. संशोधकांचं लक्ष मात्र गेली काही दशकं एकावर खिळलेलं आहे: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. नाव जड आहे, पुढे नुसतं जिंजिव्हॅलिस म्हणू. याला ऑक्सिजन सहन होत नाही, म्हणून तो हिरडीखालच्या खोल जागेत राहतो. साखरेवर जगत नाही. प्रथिनांचे तुकडे खातो, आणि लोह लागतं ते रक्तातून घेतो. म्हणजे हिरडीतून रक्त येणं ही त्याच्यासाठी पंगतच.

प्रथिनांचे तुकडे करायला त्याच्याकडे जिंजिपेन नावाची विकरं असतात. कात्र्याच म्हणा. या कात्र्या हिरडीच्या ऊती कापतात, आणि आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध पाठवलेल्या अँटिबॉडीजसुद्धा कापतात. आपल्या प्रतिकारशक्तीची 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनांची जी साखळी असते, तीही तोडतात. लस बनवणाऱ्यांना हे जिंजिपेन आकर्षक वाटलं यात नवल नाही. कात्रीच निकामी केली तर जंतू उपाशीही राहील आणि निःशस्त्रही होईल.

यात एक मेख आहे आणि ती २०११ मध्ये नीट समोर आली. जॉर्ज हाजिशेंगॅलिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या तोंडात जिंजिव्हॅलिस सोडला. तो तोंडातल्या एकूण जंतूंच्या ०.०१ टक्क्यांहूनही कमी प्रमाणात स्थिरावला, तरीही हाड झिजलं. मग त्यांनी तोच जंतू पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना दिला. त्यांच्या तोंडात दुसरा एकही जंतू नव्हता. तिथे जिंजिव्हॅलिस राहिला, पण हाड झिजलं नाही.

थोडं थांबून याचा अर्थ बघा. हा जंतू एकटा नुकसान करत नाही. तो आपली प्रतिकारशक्ती बिघडवतो, त्यामुळे तोंडातले एरवी निरुपद्रवी असलेले जंतू बेसुमार वाढतात, आणि मग जी सूज येते तिच्यात आपल्याच पेशी आपलं हाड झिजवतात. गावात भांडण लावून स्वतः कोपऱ्यात बसणारा माणूस आठवा. अशा माणसाला पकडलं तर भांडण थांबेल का? आधीच पकडलं तर कदाचित थांबेल. घरं पेटल्यावर पकडलं तर सांगता येत नाही.

उंदराला पायोरिया कसा होतो?

तो आपोआप होत नाही, करावा लागतो. बातमीत हे कधीच येत नाही, आणि खरं तर अर्धी गोष्ट इथेच आहे.

जिंजिव्हॅलिस हा माणसाच्या तोंडातला जंतू. उंदराच्या तोंडात तो नसतो आणि सहजासहजी टिकतही नाही. म्हणून १९९४ मध्ये पामेला बेकर यांच्या गटाने एक पद्धत बसवली आणि आजही बहुतेक प्रयोग तिच्यावरच बेतलेले असतात. आधी उंदरांना साधारण दहा दिवस पाण्यातून अँटिबायोटिक देतात, आपण ज्याला को-ट्रायमॉक्साझोल म्हणतो तेच. त्यामुळे त्यांच्या तोंडातले मूळचे जंतू कमी होतात. काही दिवस मध्ये सोडून मग सुमारे एक अब्ज जिंजिव्हॅलिस चिकट द्रावणात मिसळून तोंडात घालतात, दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा. साधारण सहा आठवड्यांनी उंदराचा जबडा स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि वरच्या दाढांच्या मुळाशी हाड किती खाली गेलं ते मोजतात. हा फरक मिलिमीटरच्या लहानशा अंशात असतो.

याशिवाय दाताभोवती रेशमी धागा बांधून आजार करण्याची पद्धत आहे. धाग्यावर जंतू साचतात आणि हाड लवकर झिजतं. उंदराच्या पाठीत कातडीखाली तारेचं छोटं वेटोळं बसवून त्या पोकळीत जंतू सोडण्याचीही पद्धत आहे. तिथे दात नाहीत, हिरडी नाही. तपासलं जातं ते एवढंच, की जंतू शरीरात पसरतो का आणि लस त्याला अडवते का.

मी या पद्धतींना नावं ठेवत नाही. कुठेतरी सुरुवात करावीच लागते, आणि माणसांना मुद्दाम आजारी पाडून जबडा मोजता येत नाही. पण तुमच्या-माझ्या तोंडातला आजार आणि हा आजार यांत किती अंतर आहे ते लक्षात ठेवा. आपल्याकडे तो पंधरा-वीस वर्षं शिजतो, अनेक जंतूंच्या संगतीने, तंबाखू, साखर, वय आणि घासण्याच्या सवयी यांच्या साथीने. उंदरात तो सहा आठवड्यांत होतो, एकाच जातीच्या जंतूने, एकसारख्या वंशाच्या, एकाच वयाच्या, एकच खाद्य खाणाऱ्या प्राण्यांत.

काय काय जमलं

बरंच काही, आणि ते मान्य करायला हवं. १९९२ मध्ये कॅरोलाइन जेन्को यांच्या गटाने तारेच्या वेटोळ्याच्या पद्धतीत दाखवलं की आधी लस दिलेले उंदीर जंतूच्या घातक हल्ल्यातून वाचतात. त्याच वर्षी उंदरांच्या थोरल्या भावंडांत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅट जातीत, जंतूच्या अंगावरच्या केसासारख्या तंतूंमधलं प्रथिन लस म्हणून वापरलं गेलं. त्यांच्यातही हाड कमी झिजलं.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाशी संबंधित गटाने मकाक माकडांवर काम केलं. माकडाचे दात आणि हिरड्या आपल्याला खूप जवळच्या, म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा. मारलेले संपूर्ण जंतू लस म्हणून दिले, दाताभोवती धागा बांधून आजार केला, आणि लस दिलेल्या माकडांत हाडाची झीज मंदावलेली दिसली. माकडांवरचे सगळेच प्रयोग इतके सरळ गेले नाहीत, हेही सांगून ठेवतो.

२००१ मधल्या दोन कामांचा मला विशेष उल्लेख करावासा वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जिंजिव्हॅलिसची जनुकीय माहिती चाळून लशीसाठी १२० जनुकं निवडली. त्यातली १०७ प्रथिनं प्रयोगशाळेत बनवता आली. रक्तद्रवाच्या चाचणीत ४० उपयोगी वाटली. आणि शेवटी उंदरांचं संरक्षण करणारी निघाली फक्त दोन. लस शोधणं म्हणजे काय काम असतं ते या आकड्यांवरून कळतं.

दुसरं काम गिब्सन आणि जेन्को यांचं. त्यांनी दोन प्रकारच्या जिंजिपेनची तुलना केली. एकाला चिकटण्याचा भाग जोडलेला होता, दुसऱ्यात फक्त कापणारा भाग. पहिल्याची लस दिलेल्या उंदरांचं हाड वाचलं, दुसऱ्याची दिलेल्यांचं वाचलं नाही. म्हणजे जंतूच्या प्रथिनाविरुद्ध लस टोचली की संरक्षण मिळालंच असं नसतं. शरीराला कुठला भाग दाखवता, यावर सगळं अवलंबून.

हाच धागा मेलबर्न विद्यापीठाच्या गटाने पुढे नेला. त्यांनी जिंजिपेनचा कापणारा आणि चिकटणारा असे दोन तुकडे जोडून एक नवं प्रथिन तयार केलं, आणि २०१६ च्या अखेरीस निकाल प्रसिद्ध केला. सीएसएल ही मोठी लस कंपनी या कामात सहभागी होती. या प्रयोगाचं वेगळेपण असं, की लस आजाराच्या आधी दिली नव्हती. उंदरांना आधी जिंजिव्हॅलिसची लागण केली आणि मग लस दिली. तरीही हाडाची झीज रोखली गेली. दवाखान्यात पेशंट येतो तो आजार घेऊनच येतो, त्यामुळे हा प्रयोग आधीच्यांपेक्षा प्रत्यक्षाच्या बराच जवळ होता. वर्तमानपत्रांत 'लवकरच माणसांवर चाचण्या' असे मथळे आले. त्याला आता बरीच वर्षं झाली. लस बाजारात आलेली नाही.

आणि मग कुत्र्यांची गोष्ट

ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही, पण या सगळ्या विषयातली सर्वांत शिकण्यासारखी तीच आहे. कारण इथे उंदरापासून निघालेली लस प्रत्यक्ष बाजारापर्यंत पोहोचली होती.

कुत्र्यांना हिरड्यांचा आजार फार मोठ्या प्रमाणावर होतो. आणि महत्त्वाचं म्हणजे तो आपोआप होतो, माणसांसारखाच, वर्षानुवर्षं साचलेल्या कीटणामुळे. त्यांच्या तोंडात जिंजिव्हॅलिसचे सख्खे चुलतभाऊ असतात: पॉर्फिरोमोनास गुले, डेंटिकॅनिस आणि सॅलिव्होसा. फायझर कंपनीच्या पशुआरोग्य विभागाने हे जंतू वेगळे केले आणि उंदरांच्या तोंडात सोडले, तर हाड झिजलं. मग गुले हा जंतू मारून त्याची लस बनवली, उंदरांना दिली, आणि हाडाची झीज कमी झाली. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तिन्ही जंतूंची मिळून केलेली लस अमेरिकेत कुत्र्यांसाठी विक्रीला आली. तिथल्या कृषी खात्याने तिला 'सशर्त परवाना' दिला होता. या शब्दाकडे लक्ष द्या. प्राण्यांच्या लशींसाठी तिथे अशी सोय आहे की लस सुरक्षित असेल, शुद्ध असेल आणि ती उपयोगी पडेल अशी वाजवी अपेक्षा असेल, तर परवाना मिळतो. उपयोगी पडते याचा पक्का पुरावा कंपनीने त्यानंतर गोळा करायचा असतो.

कंपनीने तो गोळा करायला घेतला. घरात पाळलेले, नैसर्गिकरीत्या आजार होणारे कुत्रे, आणि सहा आठवड्यांऐवजी दीर्घ काळ. त्यात लशीचा लक्षणीय फायदा दिसला नाही. २०११ मध्ये लस बाजारातून काढून घेण्यात आली. कारण दिलं गेलं ते परिणामकारकतेचं.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगायला हवी. अभ्यास केला, निकाल नकारार्थी आला, आणि माल मागे घेतला. हे व्हायला हवं तसंच झालं. पण मधल्या पाच वर्षांत कितीतरी लोकांनी आपल्या कुत्र्यांना ती लस पैसे देऊन टोचून घेतली असेल, आणि 'लस दिलीय ना' म्हणून दात साफ करणं पुढे ढकललं असेल. मला खुपतो तो हा भाग. माझे ते ५२ वर्षांचे पेशंट तर न निघालेल्या लशीच्या भरवशावर सहा महिने थांबले होते.

असं का होतं?

उंदरात वाचलेलं हाड कुत्र्यात का वाचलं नाही, याचं एकच उत्तर नाही. पण आजाराचं स्वरूप बघितलं की अंदाज येतो.

नेहमीच्या लशी कशावर चालतात? गोवर, पोलिओ, धनुर्वात. तिथे शत्रू एक असतो, बाहेरून येतो, आणि शरीराने त्याला आधी पाहिलेलं नसतं. लस त्याची ओळख आधीच करून देते. हिरड्यांच्या आजारात यातलं काहीच लागू पडत नाही. जंतू वर्षानुवर्षं तोंडातच राहत असतो. पायोरियाच्या पेशंटचं रक्त तपासलं तर त्यात जिंजिव्हॅलिसविरुद्ध अँटिबॉडीज आधीच सापडतात, भरपूर सापडतात, आणि तरी आजार चालूच असतो. ओळख आहे, पण उपयोग नाही. म्हणून नव्या लशीला फक्त अँटिबॉडी वाढवून भागत नाही, वेगळ्या जातीची, कात्रीलाच नेमकी बसणारी अँटिबॉडी तयार करावी लागते. मेलबर्नच्या उंदरांत हेच झालं होतं: आजारात जो प्रतिसाद असतो त्यापेक्षा वेगळ्या वळणाचा प्रतिसाद लशीने निर्माण केला होता.

त्यातून ती अँटिबॉडी रक्तातून हिरडीच्या खोबणीत झिरपायला हवी, आणि तिथल्या कात्र्यांनी तिचे तुकडे करण्याआधी तिचं काम व्हायला हवं. जंतूही मोकळे फिरत नसतात. ते दाताच्या मुळावर चिकट थरात, एकमेकांना धरून बसलेले असतात. तो थर तुम्ही ब्रशने आणि डेंटिस्ट यंत्राने फोडू शकतो. अँटिबॉडीला ते अवघड जातं.

आणि उंदरात आपण एकच जंतू घातलेला असतो. त्याच्याविरुद्ध लस दिली, तो गेला, आजार गेला. हिशोब सरळ. कुत्र्याच्या किंवा माणसाच्या तोंडात एकाला हटवलं तरी जागा रिकामी राहत नाही. ट्रेपोनेमा डेंटिकोला आणि टॅनेरेला फॉर्सिथिया हे जिंजिव्हॅलिसचे नेहमीचे सोबती आहेत, शिवाय इतर आहेतच.

माणसांवर एक वेगळा प्रयोग १९९६ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला होता. लस नव्हे, तर तयार अँटिबॉडी. पेशंटचे दात आणि खोबणी आधी स्वच्छ केल्या आणि मग जिंजिव्हॅलिसविरुद्धची अँटिबॉडी तिथे लावली. सुमारे नऊ महिन्यांपर्यंत तो जंतू परत आला नाही. पेशंट मोजके होते, आणि मोजलं होतं ते जंतूचं परत येणं. तरी त्यातला क्रम बघा: सफाई आधी, अँटिबॉडी नंतर.

सुरक्षिततेचा प्रश्न वेगळाच. कॅन्सरच्या औषधाचे दुष्परिणाम आपण सोसतो, कारण पलीकडे मृत्यू असतो. हिरड्यांचा आजार जीवघेणा नाही, आणि सफाई हा उपाय उपलब्ध आहे. मग निरोगी माणसाला टोचायच्या लशीत जरासाही धोका चालणार नाही. जंतूची काही प्रथिनं आपल्या शरीरातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती उठवताना ती आपल्याच अंगावर उलटू नये, ही काळजी घ्यावी लागते. अख्खा मारलेला जंतू लशीत वापरण्याऐवजी संशोधक निवडक तुकड्यांकडे वळले, त्यामागे हेही एक कारण आहे. आणि माणसाचं हाड इतकं सावकाश झिजतं की लशीने ते वाचलं हे सिद्ध करायला मोठ्या गटावर बराच काळ चाचणी चालवावी लागेल. पैसे कोण घालणार, हा प्रश्न तिथे येतो.

हृदय, मेंदू आणि मोठे मथळे

जिंजिव्हॅलिसचं नाव हल्ली दातांपेक्षा इतर आजारांसोबतच जास्त ऐकू येतं. २००४ मध्ये, रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांवर एक प्रयोग झाला. तोंडात हा जंतू सोडल्यावर साचण्याचा वेग वाढला, आणि आधी लस दिलेल्या उंदरांत तो वाढला नाही. यावरून 'हिरड्यांची लस हार्ट अटॅक टाळेल' इथपर्यंत उडी मारणारे लोक आहेत. मी मारणार नाही.

२०१९ मध्ये अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूत जिंजिपेन सापडल्याचा अभ्यास आला आणि जगभर गाजला. उंदरांत जिंजिपेन बंद पाडणाऱ्या औषधाने फायदा दिसला होता. कॉर्टेक्झाइम या अमेरिकन कंपनीने ते औषध ६४३ पेशंटवर तपासलं. २०२१ मध्ये निकाल आला: मुख्य निकषांवर औषध उतरलं नाही. शिवाय काही जणांच्या यकृतावर परिणाम दिसल्याने अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याच्या चाचण्यांना लगाम घातला. ही लस नव्हती, गोळी होती, पण निशाणा तोच होता, कात्री. आणि उंदरापासून माणसापर्यंतची वाट तीच.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की प्रयोग कुणावर झाला ते आधी शोधा. उंदीर असेल तर लस लागणीच्या आधी दिली की नंतर ते बघा, नंतर दिली असेल तर बातमी जास्त वजनाची. आजार आपोआप झालेला होता की धागा बांधून, जंतू पाजून केलेला? मोजलं काय, अँटिबॉडी की हाड? नुसत्या अँटिबॉडी वाढल्याची बातमी असेल तर मी पुढे वाचत नाही. आणि माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली असं लिहिलेलं असेल, तर लक्षात ठेवा की त्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता तपासतात, उपयोग नाही.

तोपर्यंत तुमच्या हिरड्यांचं

ब्रश करताना रक्त येत असेल तर ब्रश बंद करू नका, डेंटिस्टला दाखवा. कीटण काढल्यावर दात सैल होतात, हा आपल्याकडचा घट्ट समज आहे. खरं असं असतं की हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाने दात एकमेकांना चिकटून धरलेले असतात. ते निघालं की आधीपासूनचा सैलपणा जाणवतो. कीटण तसंच ठेवलं तर हाड आणखी झिजेल. मशेरी लावणाऱ्या आजी-मावश्यांना वाटतं की तिने हिरड्या घट्ट होतात. ती तंबाखूच आहे. तंबाखू ओढणाऱ्यांत तर हिरडीतून रक्त येणं कमी होतं आणि आजार आतल्या आत वाढतो, त्यामुळे 'माझ्या हिरडीतून रक्त येत नाही' यावर त्यांनी विसंबू नये.

मधुमेह असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर मधुमेही पेशंटचं एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ ने आणि सहा महिन्यांनी ०.३० ने कमी आढळलं. लहान वाटेल, पण साखरेच्या गोळीत एखादी भर घालून जे मिळतं, त्याच्या आसपास जाणारा हा फायदा आहे. आणि हे अभ्यास माणसांवरचे आहेत.

ते पेशंट शेवटी डेंटिस्टकडे गेले. हलणाऱ्या दोन दातांपैकी एक काढावा लागला, दुसरा सध्या टिकून आहे. खोल सफाई तीन बैठकांत झाली. परवा आले तेव्हा त्यांनी विचारलं की घरात लॅब्रेडॉर आहे, त्याच्याही तोंडाला वास येतो, त्याच्यासाठी तरी ती लस कुठे मिळेल का. नाही मिळणार, बंद झाली. पशुवैद्याला दाखवा आणि त्याचे दात रोज ब्रशने घासा, असं सांगितलं. फक्त त्यासाठी आपली टूथपेस्ट वापरू नका. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. कुत्र्यांची पेस्ट वेगळी मिळते.